पाळीचा न्याय
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकसभेच्या अध्यक्षाविषयी चार-पाच वाक्ये असतात. अध्यक्ष सभागृहाचे कामकाज चालवितो, शिस्त राखतो, मतविभागणी घेतो, आणि दोन्ही बाजूंची मते समसमान झाली तर निर्णायक मत देतो. मुले ही वाक्ये पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवितात आणि परीक्षा संपताच विसरतात. यात मुलांचा दोष नाही. ज्या पदामागे जिताजागता मनुष्य दिसत नाही, ते पद बालमनात घर करीत नाही. खेड्यातील मुलाला तर दिल्लीचे ते संसदभवन फारच दूरचे वाटते. तेथे बसणारी माणसे आपल्यासारखी नसावीत, अशीच त्याची समजूत असते.

ही समजूत दूर करावयाची तर ज्याची सांगण्यासारखी हकिगत आहे, असे एक नाव बलराम जाखड यांचे होय. खेड्यात जन्मलेला, शेती हाच व्यवसाय मानणारा हा गृहस्थ वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या-एकोणपन्नासाव्या वर्षी प्रथम आमदार झाला, आणि पुढे आठ वर्षांच्या आत लोकसभेच्या अध्यक्षपदावर जाऊन बसला. तेथे तो थोडीथोडकी नव्हे, सुमारे दहा वर्षे होता. लागोपाठ दोन लोकसभांचे पूर्ण कार्यकाल चालविणारे ते पहिले अध्यक्ष. त्यांच्या हकिगतीत गौरवाचे प्रसंग आहेत, तसे कसोटीचेही आहेत. आणि शिक्षकाच्या दृष्टीने पाहता कसोटीचे प्रसंगच अधिक बोधप्रद आहेत.

बलराम जाखड यांचा जन्म २३ ऑगस्ट १९२३ रोजी पंजाबातील अबोहरजवळच्या पंजकोसी या गावी झाला. पंजाब, राजस्थान आणि हरियाणा या तीन राज्यांच्या सीमा जेथे जवळ येतात, तो हा मुलूख. पाऊस बेताचा आणि जमीन रेताड; कालव्याचे पाणी आले तरच पीक उभे राहावयाचे. एका शेतकरी कुटुंबातील या मुलाने लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १९४५ साली संस्कृत विषय घेऊन पदवी मिळविली. त्या काळी पदवीधर तरुणास सरकारी नोकरी किंवा वकिली हे दोन राजमार्ग मोकळे असत. जाखड मात्र आपल्या शेतीकडे वळले. संस्कृत, हिंदी, पंजाबी, उर्दू आणि इंग्रजी या पाच भाषा अवगत असलेला हा मनुष्य पुढची अनेक वर्षे शेतीत आणि फळबागांत रमला. फळबागायतीतील त्यांच्या कार्याबद्दल १९७५ साली राष्ट्रपतींनी त्यांना ‘उद्यान पंडित’ हा किताब दिला. शिकलेल्या माणसाने मातीत हात घालणे कमीपणाचे नाही, हे त्यांनी व्याख्यान न देता दाखवून दिले.

येथे महाराष्ट्राशी असलेल्या एका दुव्याचा उल्लेख केला पाहिजे. जाखड यांनी ज्या भारत कृषक समाजाचे अध्यक्षपद भूषविले, ती संस्था १९५५ साली डॉ. पंजाबराव देशमुख यांनी स्थापन केली होती. अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी जन्मलेले, विदर्भात श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारणारे आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिखाते सांभाळणारे पंजाबराव हेही वैदिक वाङ्मयाचे पंडित होते. त्याच विषयावरील प्रबंधासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली होती. एक पंजाबचा, दुसरा वऱ्हाडचा. दोघेही शेतकऱ्याच्या घरचे, दोघांनाही संस्कृत विद्येची ओढ, आणि दोघेही शेतकऱ्यांच्या संघटनेसाठी झटलेले. नांगर आणि ग्रंथ यांचे वैर नाही, हे मुलांना सांगावयाचे असेल तर ही दोन नावे एकत्र सांगावीत.

आता जाखड ज्या मुलखात वाढले तेथील पाणीवाटपाची रीत थोडी समजून घेऊ. सतलज नदीतून निघणारा सरहिंद कालवा १८८२ साली सुरू झाला, आणि त्याची एक शाखा अबोहरच्याच नावाने ओळखली जाते. पंजाबात कालव्याचे पाणी शेतावर पोहोचते ते ‘वारबंदी’ या पद्धतीने. आठवड्याचे तास १६८. एका चारीवर जेवढी शेते असतील तेवढ्यांत हे १६८ तास जमिनीच्या क्षेत्राप्रमाणे वाटून दिलेले असतात. कोणाची पाळी कोणत्या वारी, किती वाजता सुरू होईल आणि कधी संपेल, हे ठरलेले असते. ज्याची पाळी, त्याला त्या वेळेपुरते चारीचे सगळे पाणी. मोठ्या जमिनीच्या धन्याला अधिक वेळ मिळतो हे खरे. पण ज्याची जमीन दोनच बिघे, त्याची दहा मिनिटेही त्याचीच असतात. रात्रीची पाळी कायम एकाच्याच माथी राहू नये, म्हणून दरवर्षी बारा तासांनी पाळी सरकविण्याची वहिवाटही अनेक ठिकाणी आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे कालव्यावर शेजपाळी आहे. धुळे भागात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकऱ्याने पाणी देण्याची जुनी परंपरा आहे. पाळी मोडली की काय होते, हे गावात प्रत्येकास ठाऊक असते. पाणी तेवढेच असते, जमीन तीच असते. परंतु वरच्याने आपली पाळी संपल्यावरही दार उघडे ठेवले की शेवटच्या टोकाचा शेतकरी बुडतो, आणि मग चारीवर कुऱ्हाडी निघतात. पाण्याचा तंटा हा बहुधा पाणी कमी असल्याने होत नाही. पाळीवरचा विश्वास उडाल्याने होतो.

सभागृहाचा अध्यक्ष हा शब्दांचा पाटकरी आहे. लोकसभेत वेळ मर्यादित असतो आणि बोलू इच्छिणारे पाचशेहून अधिक. कोणत्या विषयाला किती तास द्यावयाचे, हे कामकाज सल्लागार समिती ठरविते, आणि त्या समितीचे प्रमुखपद अध्यक्षाकडेच असते. पक्षांच्या सदस्यसंख्येच्या प्रमाणात वेळ वाटला जातो. मोठ्या पक्षाला अधिक, लहान पक्षाला कमी. पण लहानाची पाळी ही त्याची हक्काची पाळी असते. ती त्याला मिळेल, आणि तो बोलत असताना दुसरा दार उघडून पाणी पळविणार नाही, एवढे पाहणे हे अध्यक्षाचे मुख्य काम. घंटा वाजविणे, उभे राहून शांत करणे, शिक्षा करणे ही सारी या एका कामाची साधने आहेत.

जाखड यांना या पाळीचा अनुभव दोन्ही टोकांकडून मिळाला होता. १९७२ साली ते अबोहरमधून पंजाब विधानसभेवर निवडून आले, आणि थोड्याच काळात राज्याच्या मंत्रिमंडळात सहकार व पाटबंधारे या खात्यांचे उपमंत्री झाले. म्हणजे पाणीवाटपाचा कारभार त्यांनी सरकारच्या बाजूने पाहिला. १९७७ साली वारे फिरले. पंजाबात अकाली दल व जनता पक्ष यांचे सरकार आले, आणि ११७ सदस्यांच्या विधानसभेत काँग्रेसचे अवघे १७ सदस्य राहिले. जाखड त्या सभागृहात विरोधी पक्षनेते झाले. ज्या चारीच्या तोंडाशी ते कालपर्यंत उभे होते, तिच्या शेवटच्या टोकाला आता ते आले. अल्पमतात असलेल्यास बोलण्यासाठी किती वेळा हात वर करावा लागतो, हे त्यांना येथे कळले असले पाहिजे. भावी अध्यक्षास याहून चांगली शाळा कोणती?

जानेवारी १९८० मध्ये ते फिरोजपूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. लोकसभेत ते प्रथमच येत होते. असे असताना २२ जानेवारी १९८० रोजी सभागृहाने त्यांना अध्यक्षपदी निवडले. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत ते राजस्थानातील सीकर येथून विजयी झाले आणि १६ जानेवारी १९८५ रोजी पुन्हा अध्यक्ष झाले. १८ डिसेंबर १९८९ पर्यंत ते या आसनावर होते.

या दहा वर्षांत काही कामे अशी झाली की जी सहसा बातम्यांत येत नाहीत, परंतु संस्थेची मुळे बळकट करतात. संसदेच्या ग्रंथालयासाठी स्वतंत्र इमारतीची पायाभरणी १५ ऑगस्ट १९८७ रोजी झाली. ती वास्तू पूर्ण होऊन मे २००२ मध्ये तिचे उद्घाटन झाले. ऑगस्ट १९८९ मध्ये लोकसभेत तीन विषय समित्या अस्तित्वात आल्या: एक कृषीसाठी, एक विज्ञान व तंत्रज्ञानासाठी आणि एक पर्यावरण व वने यांसाठी. गोंगाटाच्या सभागृहात जे बारकाईने तपासता येत नाही, ते थोड्या सदस्यांनी एकत्र बसून शांतपणे तपासावे, हा त्यांमागील हेतू. हेच रोप पुढे १९९३ साली वाढले आणि खात्यांशी निगडित अशा १७ स्थायी समित्या स्थापन झाल्या. त्या वेळी अध्यक्षपदी लातूर जिल्ह्यातील चाकूरचे शिवराज पाटील होते. एकाने लावावे आणि दुसऱ्याने वाढवावे, ही फळबागेची रीत संस्थांनाही लागू पडते.

आता कसोटीच्या प्रसंगांकडे वळू. आठव्या लोकसभेत एकाच पक्षाचे चारशेहून अधिक सदस्य होते. विरोधकांपैकी सर्वांत मोठा पक्ष तेलुगू देशम्. त्याचे सदस्य ३०. एकाही विरोधी पक्षाकडे सभागृहाच्या एक दशांश जागा नसल्याने मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता असा कोणी नव्हता. चारीच्या तोंडाशी एक प्रचंड शेत आणि टोकाला लहान लहान तुकडे, अशी ही स्थिती. अशा वेळी केवळ क्षेत्राच्या हिशेबाने पाळी दिली तर ती नियमास धरून असते, पण टोकाच्या शेतास पाणी पोहोचतच नाही. चारीतून जाता जाता काही पाणी मुरते, म्हणून टोकाच्याचा विचार वेगळा करावा लागतो, हे पाटकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सभागृहातही तसेच आहे.

त्याच वर्षी, १९८५ मध्ये, बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्ष सोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व राहावे की जावे, याचा निवाडा घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने सभागृहाच्या अध्यक्षाकडे सोपविला. आजवर पाळी देणारा आता न्याय देणाराही झाला. हा निवाडा न्यायालयाच्या तपासणीस पात्र राहील, हे सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९९२ साली स्पष्ट केले. अधिकार जेवढा वाढला, तेवढीच निःपक्षपातीपणाविषयीची अपेक्षाही वाढली.

ही अपेक्षा पूर्ण होत नाही, असे विरोधी सदस्यांना वाटू लागले तेव्हा त्यांनी घटनेने दिलेला मार्ग धरला. १५ एप्रिल १९८७ रोजी जाखड यांना अध्यक्षपदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेस आला. तो मांडणारे होते बंगालचे मार्क्सवादी नेते सोमनाथ चटर्जी. घटनेचा दंडक असा की, ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्या अध्यक्षाने त्या चर्चेच्या वेळी आसनावर बसावयाचे नाही. त्याने खाली येऊन इतरांसारखे सदस्य म्हणून बसावे. त्याला बोलण्याचा हक्क आहे, मतही देता येते, परंतु स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होता येत नाही. ठराव फेटाळला गेला. बहुमत पाहता हे अपेक्षितच होते. पण त्या दिवसाचे मोल निकालात नाही. ज्यांच्या हाती मते नव्हती त्यांनाही देशातील एका उच्च पदाधिकाऱ्यास भर सभागृहात जाब विचारता आला, आणि त्याने तो ऐकून घेतला, यात ते मोल आहे. यापूर्वी असा ठराव पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्याविरुद्धही १८ डिसेंबर १९५४ रोजी आला होता आणि फेटाळला गेला होता. मावळंकरांसारख्या ज्येष्ठासही ज्यातून सूट नव्हती, त्यातून इतरांस ती कशी असावी? आणि काळाचा न्याय असा की, १९८७ साली ठराव मांडणारे सोमनाथ चटर्जी हेच २००४ साली लोकसभेचे अध्यक्ष झाले. २००९ पर्यंत त्या आसनावर बसताना त्यांनाही पाळीचे ओझे उचलावे लागले.

दुसरी कसोटी याहून कठोर होती. इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाचा अहवाल सभागृहापुढे ठेवण्याच्या प्रश्नावरून १५ मार्च १९८९ रोजी लोकसभेत मोठा गदारोळ झाला, आणि एकाच दिवशी ६३ विरोधी सदस्य निलंबित करण्यात आले. शिस्त राखणे हे अध्यक्षाचे कर्तव्य आहे आणि गदारोळात कोणाचीच पाळी उरत नाही, ही एक बाजू. पण इतक्या मोठ्या संख्येने विरोधी सदस्य बाहेर गेल्यावर मागे जी शांतता उरते ती चर्चेची शांतता नव्हे, ही दुसरी बाजू. त्याच वर्षी जुलै महिन्यात बोफोर्स प्रकरणावरून बहुसंख्य विरोधी सदस्यांनी आपल्या सदस्यत्वाचे राजीनामेच दिले. दोष कोणाचा किती, याविषयी मतभेद राहतील. एवढे मात्र निश्चित की, ज्या दिवशी टोकाचा शेतकरी पाळीची वाट पाहणे सोडून देतो, त्या दिवशी चारी भरून वाहत असली तरी व्यवस्था आजारी असते.

या प्रसंगांच्या मुळाशी एक जुना पेच आहे. ब्रिटनमध्ये अध्यक्ष निवडला गेला की तो आपल्या पक्षाचा राजीनामा देतो, आणि पुढील निवडणुकीत प्रमुख पक्ष सामान्यतः त्याच्याविरुद्ध उमेदवार उभे करीत नाहीत. भारतात ही प्रथा रुजली नाही. १९६७ साली नीलम संजीव रेड्डी यांनी अध्यक्ष होताच पक्षाचा राजीनामा दिला, पण तो पायंडा पुढे चालला नाही. जाखडही पक्षाचे सदस्य राहिले. अध्यक्षाने पाच वर्षे सर्वांना समान लेखावे, आणि मग पक्षाच्या तिकिटावर मते मागावयास जावे, हे मनुष्यस्वभावाकडून फार मोठे मागणे आहे. १९८९ च्या निवडणुकीत सीकरच्या मतदारांनी जाखड यांना पराभूत केले. विजयी झाले हरियाणाचे देवीलाल, तेही शेतकरीच. दहा वर्षे ज्यांच्या एका शब्दावर सभागृह उठे-बसे, ते एका निवडणुकीने घरी बसले. कोणतीही पाळी कायमची नसते. पाळी देणाऱ्याचीही नसते.

पराभवाने ते खचले नाहीत. १९९१ साली ते पुन्हा सीकरहून निवडून आले आणि नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री झाले. ज्या खात्याचा कारभार पंजाबरावांनी एकेकाळी पाहिला, त्या खात्यावर भारत कृषक समाजाचा दुसरा धुरीण आला. पुढे २००४ ते २००९ या काळात ते मध्य प्रदेशचे राज्यपाल होते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी दिल्ली येथे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, या चरित्रातून वर्गासाठी काय घ्यावे? ‘तुम्हीही मोठे व्हा’ एवढे सांगून थांबणे सोपे आहे, पण अपुरे आहे. वर्गातील चाळीस मुलांपैकी लोकसभेचा अध्यक्ष बहुधा एकही होणार नाही. परंतु ती चाळीसही मुले उद्या ग्रामसभेत बसणार आहेत, सोसायटीच्या सभेत मत देणार आहेत, पाणीवापर संस्थेत पाळी ठरविणार आहेत. तेथे पाळी देणे आणि पाळी पाळणे हे त्यांना जमले पाहिजे. त्याचा पहिला पाठ मिळावयाचा तो शाळेतच.

म्हणून शाळेची बालसभा ही केवळ पाहुण्यांपुढील देखावा राहू नये. तिचा अध्यक्ष दर महिन्यास बदलावा. हुशार व धीट मुलांबरोबरच मागच्या बाकावरील मुलामुलींनाही ते आसन मिळावे. अध्यक्षाने वादात भाग घेऊ नये आणि मते समान पडल्याखेरीज मत देऊ नये. एक बोलत असताना दुसऱ्याने बोलू नये. जो एकदा बोलला त्याने, न बोललेल्या सर्वांची पाळी होईपर्यंत थांबावे. अध्यक्षाचा निर्णय चुकला असे वाटल्यास तसे सांगण्याची मुभा असावी, आणि त्या वेळी अध्यक्षाने खाली बसून ऐकावे. एवढे पाच नियम दोन वर्षे नेटाने पाळले, तर नागरिकशास्त्राचे ते प्रकरण वेगळे शिकवावे लागणार नाही.

आणि एक गोष्ट शिक्षकाने स्वतःपुरती ठेवावी. वर्गात प्रश्न विचारला की चार-पाच हात लगेच वर होतात, आणि उत्तर येते म्हणून तास पुढे सरकतो. तोंडाशी असलेले शेत भिजते, चारी वाहताना दिसते, आणि काम झाल्याचे समाधान मिळते. परंतु शेवटच्या बाकावर एक मुलगी बसलेली असते. तिचा हात कधीच वर होत नाही. कारण आपली पाळी येते, हा अनुभवच तिला नाही. तिच्यापर्यंत पाणी पोहोचले की नाही, हे पाहिल्याखेरीज तास संपला असे मानू नये. वर्गातील पाळीचा हिशेब शिक्षकाच्याच हाती असतो, आणि तो मागण्यास तेथे विरोधी पक्ष नसतो. म्हणूनच तो चोख ठेवण्याची जबाबदारी अधिक मोठी आहे.